अण्णांच्या अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल: चालू ठेवू का बंद करू?

द्राक्षबाग_सून (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार मंडळी. आरोग्याच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, वय ६८. तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, राहायला आम्ही सांगलीत. अण्णांनी मिसरूड फुटल्यापासून विडी ओढली. कोरोनाच्या आदल्या वर्षी छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला आणि त्या दिवसापासून विडी बंद. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली गोळी, कोलेस्टेरॉलची एक आणि बीपीची एक, एवढं रोज चालू आहे.

आता मुद्दा. माझे चुलत दीर नेटवर्क मार्केटिंगमध्ये आहेत. दसऱ्याला घरी आले, काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेतलं, आयोडीनचे थेंब टाकून तांबडंलाल केलं आणि म्हणाले, "अण्णा, विडीनं तुमचं रक्त हे असं झालंय." मग कॅप्सूल फोडून एका ग्लासात पावडर टाकली, चमच्यानं ढवळलं. पाणी लख्ख! अण्णा गप्पच झाले. सासूबाईंनी हात जोडायचेच बाकी ठेवले होते. तिथल्या तिथं दोन बाटल्या घेतल्या, एक चोवीसशेला. साठ कॅप्सूल, रोज दोन.

अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल अडवणारी द्रव्यं म्हणे. लेबल बघून लिहिते. दोन कॅप्सूलमध्ये बीटा कॅरोटिन १५ मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक), सी ५०० मिलिग्रॅम, सेलेनियम १०० मायक्रोग्रॅम, द्राक्षबियांचा अर्क १०० मिलिग्रॅम, ९५ टक्के शुद्धतेचं कर्क्युमिन ५०० मिलिग्रॅम, मिऱ्यातलं पायपरिन ५ मिलिग्रॅम. आमच्याकडच्या बागा सगळ्या बिनबियांच्या, सोनाका आणि थॉमसन. बागायतदाराच्या घरात द्राक्षाच्या बिया बाटलीतून येतात म्हटल्यावर मला हसूच आलं, पण तेव्हा हसायची सोय नव्हती. हळदीचं तर काय बोलावं, मार्केट यार्डाजवळून गेलं तरी कपड्यांना वास येतो.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. कॅप्सूल सुरू झाल्यापासून अण्णांनी भाजी जवळपास सोडलीय. "त्यात सगळं आलंय की, आता पालापाचोळा कशाला?" म्हणतात. परवा बागेत तारेला हात लागला तर दंडावर निळाजांभळा डाग पडला, आठवडा झाला तरी गेला नाही. म्हटलं, वय झालंय, होत असेल.

कॅप्सूलचा फायदा नसला तर नसू दे, पण तोटा तर नाही ना? आणि बंद करायच्या असतील तर अण्णांना आणि दिरांना न दुखावता कशा बंद कराव्यात? भाऊबंदकी आहे, समजून घ्या.


उद्योगी_पलूस

ताई, मी स्वतः असंच प्रॉडक्ट घेतोय, एकदम ताजंतवानं वाटतं. आजकाल जमिनीत कस राहिलाय का सांगा. भाजीवर फवारे, फळांवर पावडर. आपले आजे-पणजे गोळ्या खात नव्हते कारण त्यांच्या भाजीत ताकद होती. आता ती नाही, म्हणून बाहेरून घ्यावं लागतं. आणि हे नैसर्गिकच आहे की, हळद आणि द्राक्ष. ते काय अपाय करणार? डॉक्टर "बंद करा"च म्हणणार, त्यांना माणूस आजारी पडायला हवा असतो. तुमच्या दिरांनी काही वाईट केलेलं नाही, उगीच घरात वितुष्ट आणू नका.


मिरजेचा_मेडिकलवाला

ताई, बाकी सगळं नंतर वाचा. तो दंडावरचा डाग उद्याच्या उद्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, बाटली सोबत न्या, आणि तोवर कॅप्सूल देऊ नका. स्टेंटच्या गोळ्या मात्र एकही दिवस चुकवायच्या नाहीत. गोंधळात लोक नेमकी चुकीची गोळी बंद करतात, म्हणून दोनदा सांगतो: स्टेंटची गोळी चालू, बाटलीतली बंद.

माझं मिरजेत औषधाचं दुकान. आता मुलगा बघतो, मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतो आणि गिऱ्हाइकांची लेबलं वाचत असतो. त्यामुळं तुमचं लेबल वाचल्यावर राहवलं नाही.

आयोडीनच्या जादूचं आधी उरकतो. सी जीवनसत्त्व आयोडीनचं आयोडाइड करतं आणि आयोडाइडला रंग नसतो. बस्स, एवढीच ती जादू. गोळीत सी किती आहे ते मोजायला फार्मसीची पोरं हीच क्रिया वापरतात. अर्धं लिंबू पिळलंत तरी पाणी तसंच लख्ख होईल. पूर्वी फोटो स्टुडिओत हायपो असायचा, तो टाकला तर निमिषात होईल. दिरांना विचारा, मग हायपो प्यायचा का? त्या ग्लासात रक्त नव्हतं, फुप्फुस नव्हतं, आतडं नव्हतं. ग्लासात होणारी गोष्ट अंगात तशीच होते असं धरून कुठल्या अन्नात अँटिऑक्सिडंटची ताकद किती याचे आकडे देणाऱ्या याद्या निघाल्या होत्या. अमेरिकेच्या कृषी खात्याची अशी एक मोठी यादी इंटरनेटवर होती. २०१२ मध्ये त्यांनी ती स्वतःच काढून टाकली, कारण परीक्षानळीतल्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी मेळ लागत नव्हता आणि विकणारे मात्र तेच आकडे बाटलीवर छापत होते.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. अण्णांनी विडी ओढलेली आहे आणि बाटलीत बीटा कॅरोटिन आहे. ही जोडी वाईट.

एके काळी डॉक्टर मंडळींचा हिशोब सरळ होता. गाजर, पालेभाज्या, पिवळी फळं भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटिन जास्त सापडतं, तर मग बीटा कॅरोटिनच गोळीतून देऊ. हिशोबात चूक दिसत नव्हती. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणारे पुरुष घेतले, ५० ते ६९ वयाचे. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन, काहींना ई, काहींना दोन्ही, काहींना औषध नसलेली नुसती पोकळ गोळी. पाच ते आठ वर्षं दिली. १९९४ साली निकाल आला तर बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! योगायोग म्हणावा, तर अमेरिकेत दुसरी चाचणी चालूच होती. तिथं १८ हजारांवर माणसं, सिगारेट ओढणारी, सोडलेली आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेली. त्यांना ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन आणि वर ए जीवनसत्त्व. ती चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त, मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त.

आणि गंमत पुढंच आहे. फिनलंडच्या त्याच माणसांत, चाचणी सुरू होताना ज्यांच्या जेवणात आणि रक्तात बीटा कॅरोटिन जास्त होतं, त्यांना कर्करोग कमी झाला. म्हणजे माणसं तीच, पदार्थ तोच. भाजीतून आला तेव्हा जमलं, गोळीतून आला तेव्हा अंगावर आला. मला कुणी "गोळी म्हणजे भाजीचाच अर्क ना?" असं विचारलं की मी हीच चाचणी सांगतो. गाजरात एकटं बीटा कॅरोटिन नसतं, त्याची पाच-पन्नास भावंडं असतात, चोथा असतो, आणि गाजर खाणारा माणूस बहुतेक वेळा बाकीचंही नीट खात असतो. रक्तातलं बीटा कॅरोटिन ही चांगल्या जेवणाची खूण होती. आपण खूण उचलली आणि जेवण मागं ठेवलं. शिवाय धुरानं पोळलेल्या फुप्फुसात बीटा कॅरोटिन स्वतःच ऑक्सिडाइज होतं आणि त्याचे जे तुकडे पडतात ते पेशींना त्रास देतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

सिगारेट न ओढणाऱ्यांचं काय? अमेरिकेतल्या २२ हजार पुरुष डॉक्टरांना एक दिवसाआड ५० मिलिग्रॅम देऊन बारा वर्षं पाहिलं. त्यांत ओढणारे थोडेच होते. ना फायदा, ना तोटा. पण अण्णा त्या गटातले नाहीत.

दुसरं, ई. ४०० आययू म्हणजे कृत्रिम ई असेल तर १८० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम असतं. म्हणजे अण्णा रोज दोन किलोच्या वर शेंगदाणे खातायत असं समजा. एवढं ई रक्त गोठणं मंदावतं. त्यात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आधीच तेच काम करतायत. त्यात कर्क्युमिन. मग तारेचा ओरखडा आठवडाभर निळा राहणार नाही तर काय होणार? १४ हजारांवर डॉक्टरांवर झालेली आणखी एक चाचणी आहे, एक दिवसाआड ४०० आययू ई आणि रोज ५०० सी. २००८ मध्ये निकाल आला. हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, मेंदूतला रक्तस्राव मात्र ई घेणाऱ्यांत जास्त दिसला. आणि त्याच ४०० आययूच्या रोजच्या गोळीनं प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला २०११ मध्ये दिसला, तीही चाचणी ३५ हजार पुरुषांची. अण्णा ६८ चे आहेत, हे लक्षात घ्या.

हळदीबद्दल सांगलीत राहून वाईट बोलायचं म्हणजे जिवावर येतं. पण हिशोब करा. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. बाटलीतलं ५०० मिलिग्रॅम म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम हळद झाली. फोडणीत आपण घालतो पाव चमचा, तेही चार माणसांत. वर पायपरिन घातलंय, कारण कर्क्युमिन एरवी अंगात फारसं शिरतच नाही. बेंगळुरूच्या १९९८ च्या एका अभ्यासात पायपरिनसोबत ते वीस पटींनी जास्त रक्तात उतरलं. हे कसं होतं? यकृत जे काम करून नको ते बाहेर घालवतं, ते पायपरिन मंद करतं. मग ते फक्त कर्क्युमिनपुरतं थांबत नाही, माणूस घेत असलेल्या इतर औषधांचाही निचरा अडतो. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या गोळ्या खाणाऱ्यांना यकृताला सूज आल्याची प्रकरणं लागोपाठ निघाली, नंतर अमेरिकेतही. आमटीतल्या हळदीनं असलं काही होत नाही. म्हणून डॉक्टरांना यकृताची तपासणी करायला सांगा.

पलूसच्या दादांना एक गोष्ट सांगतो, रागावू नका. जमिनीचा कस गेलाय हे मलाही मान्य. पण पेरूतलं सी पेरूचं झाड स्वतः तयार करतं, मातीतून शोषत नाही. जस्त, सेलेनियम हे मातीतून येतं, तिथं तुमचं म्हणणं लागू पडतं. जीवनसत्त्वांना पडत नाही. शंभर ग्रॅम पेरूत अजूनही दोनशे मिलिग्रॅमच्या वर सी असतं आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबानं पुरुषाला दिवसाला ८० पुरतं. वर घेतलेलं बरंचसं लघवीतून जातं. स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका अभ्यासात सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मूतखडा दुपटीच्या आसपास दिसला होता. आपल्या भागात मूतखड्याला कमी आहे काय?

आणि "नैसर्गिक आहे, काय अपाय करणार" हे माझ्या दुकानात तरी म्हणू नका. धोतराही नैसर्गिक आहे.

घरात कसं बोलायचं ते तुम्ही मला शिकवाल, ताई. पण दिरांना दोष देऊ नका. "डॉक्टरांनी स्टेंटच्या गोळीशी जमत नाही म्हणून बंद केलं" एवढंच सांगा. ते खरंही आहे आणि कुणाचा पाणउतारा होत नाही.


यवतेश्वर_घाट (सातारा)

काका, माझाही एक प्रश्न यातच विचारतो. सातारा हिल मॅरेथॉनची तयारी चालू आहे. पहाटे यवतेश्वरचा घाट चढून आलो की पाय भरून येतात. ग्रुपमधला एक जण म्हणतो, पळल्यावर सी १००० आणि ई ४०० घे, स्नायूंमधले फ्री रॅडिकल मरतात आणि रिकव्हरी लवकर होते. वय २९, विडी-सिगारेट काही नाही. घ्यावं का?


मिरजेचा_मेडिकलवाला

पळता कशासाठी? अंग तयार व्हावं म्हणून ना? पळताना तयार होणारे ते फ्री रॅडिकलच शरीराला निरोप देतात की बाबा, ताण पडलाय, तयारीला लाग. जर्मनीत २००९ मध्ये तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना हेच दिलं, सी १००० आणि ई ४००. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्शुलिनचं काम सुधारलं, घेणाऱ्यांत व्यायाम करूनही ते सुधारलं नाही. म्हणजे घाट चढायचा आणि निरोप्याला वाटेतच अडवायचं. पाय भरून येतात ते चढानं नाही, उतारानं येतात. उतार जरा सबुरीनं घ्या. बाकी वरून येताना मोसमात कुणी करवंदं विकत बसलं असेल तर द्रोणभर घ्या. काळी पिकलेली घ्या.


घेवडावाला (कोरेगाव)

राम राम मंडळी. एवढी चर्चा चाललीया आन् आमच्या वाघ्या घेवड्याचं नावबी कुणी काढंना. जीआय मानांकन मिळालेलं कडधान्य हाय, आमच्या तालुक्यातलं. पावसाच्या पाण्यावर येतंय. माल जातोय दिल्लीकडं राजमा म्हणून आन् आपल्याकडची पोरं पाकिटातला राजमा आणत्यात. दाण्यावर ते लाल पट्टं असत्यात ना, तोच रंग औषधी असतोय असं आमच्याकडं कृषीवाल्या सायबांनी सांगितलं व्हतं. आमची म्हातारी भिजवल्यालं पाणीसुदिक टाकून देत नव्हती, त्यातच शिजवायची. सूनबाई, आण्णांस्नी घेवड्याची आमटी करून घाला, वर लसणाची फोडणी. चोवीसशे रुपयांत वरीसभराचा घेवडा ईल.


मिरजेचा_मेडिकलवाला

घेवडेवाले, आमटीला माझं अनुमोदन. लाल पट्ट्यांतला रंग म्हणजे अँथोसायनिन, त्याच जातीचा जांभळात आणि स्ट्रॉबेरीत असतो. फक्त भिजवलेलं पाणी टाकून द्या. राजम्याच्या जातीच्या कच्च्या दाण्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, त्यानं उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात खळखळून उकळायचं. कुकर असेल तर उत्तम. मंद आचेवर अर्धवट शिजवलेला घेवडा कच्च्यापेक्षाही वाईट. शिजवलेलं पाणी मात्र टाकू नका, रंग त्यात उतरलेला असतो, तीच आमटी.


कराडची_लेक

मी हे सगळं वाचून घाबरलेय. आईच्या डोळ्यांत मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, त्रास निघालाय, वयामुळे होतो तो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ल्युटीन आणि झिअँथिन असलेली कॅप्सूल दिलीय, त्यातही सी, ई आणि जस्त आहे. तेही अँटिऑक्सिडंटच ना? बंद करू का? आईनं कधी तंबाखूला हात लावलेला नाही, मिश्री मात्र पूर्वी लावायची.


मिरजेचा_मेडिकलवाला

नाही! बंद करू नका. म्हणून मी सरसकट "गोळ्या वाईट" असं म्हणत नाही. तुमच्या आईंची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या नेत्र संस्थेनं याच आजाराच्या रुग्णांवर चाचणी केली. २००१ मध्ये निकाल आला: मधल्या टप्प्यावर असलेल्यांत आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. गेलेली नजर परत येत नाही, आणि चांगल्या डोळ्यांना ही गोळी घेऊन काही मिळत नाही. पण ज्याला मधल्या टप्प्याचा आजार आहे त्याला मिळतं.

त्या पहिल्या नुस्ख्यात बीटा कॅरोटिन होतं. दुसऱ्या चाचणीत ते काढून १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झिअँथिन घातलं, २०१३ मध्ये निकाल आला, आणि तोच नुस्खा आता वापरतात. काढलं का? तर बीटा कॅरोटिन घेतलेल्या गटात फुप्फुसाचा कर्करोग जास्त निघाला, आणि ज्यांना निघाला त्यातले बहुतेक जण सिगारेट सोडलेले होते. सोडलेले, हे द्राक्षबागेच्या ताईंनी परत एकदा वाचावं. तुमच्या आईंच्या कॅप्सूलमध्ये बीटा कॅरोटिन आहे का तेवढं लेबलवर बघा आणि मिश्रीचं डॉक्टरांच्या कानावर घाला. मिश्री हा तंबाखूच आहे. बायका ते सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत.


उद्योगी_पलूस

काका, तुम्ही म्हणता ते सगळं मला पटलेलं नाही. मला बरं वाटतं ते वाटतंच. पण माझ्या बाटलीवर बघितलं, बीटा कॅरोटिन आहे. वडील चिलीम ओढायचे, मी नाही. तरी बघतो.

ताई, एक कामाची गोष्ट सांगतो, मी या धंद्यात आहे म्हणून. तुमची दुसरी बाटली उघडली नसेल तर परत घेता येते का बघा. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांप्रमाणं माल परत करायच्या आणि पैसे मिळायच्या अटी विकणाऱ्यानं आधी सांगायच्या असतात. दिरांकडं बिल मागा. बिल दिलं नसेल तर ते त्यांच्याच अंगलट येतं, हे त्यांना माझ्याकडून सांगितलं तरी चालेल.


मिरजेचा_मेडिकलवाला

दादा, बरं वाटण्याशी माझं भांडण नाही. पण बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना असेल तर ते कायद्यानं अन्न आहे, औषध नव्हे. "औषधी वापरासाठी नाही" असं त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असेल. विकताना मात्र तुमच्या मीटिंगांमध्ये कर्करोगापासून गुडघ्यापर्यंत सगळं बरं करून दाखवतात. परतीच्या नियमाचं चांगलं सांगितलंत.


द्राक्षबाग_सून

सगळ्यांचे आभार. जे झालं ते लिहिते.

डॉक्टरांकडं जाऊन आलो. त्यांनी बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे चालू असल्याचं मागच्या वेळी का सांगितलं नाही?" अण्णा म्हणाले, "औषध कुठं हाय ते, हळद-द्राक्षच हाय की." कॅप्सूल बंद केल्या. रक्ताची आणि यकृताची तपासणी केली, दोन्ही ठीक आली. दंडावरचा डाग आता पिवळा पडून जायला लागलाय.

घरी मात्र वेगळाच रंग. अण्णा म्हणाले, डॉक्टर काय बोलतात ते बोलू द्या, मी डोळ्यांनी पाणी साफ होताना बघितलंय. मग मी काहीच बोलले नाही. मुलाच्या गुडघ्याला लावायचं बीटाडीन ग्लासभर पाण्यात दोन थेंब टाकलं, अण्णांच्या हातात लिंबाची फोड दिली आणि म्हटलं, पिळा. पाणी लख्ख झाल्यावर दोन मिनिटं ग्लासाकडं बघत बसले. मग सासूबाईंना म्हणाले, "चोवीसशे रुपयाचं लिंबू व्हतं व्हय ते?" दिरांना मी डॉक्टरांचंच नाव सांगितलं. ते थोडे फुरंगटले, पण बंद बाटली परत नेली. पैसे अजून आलेले नाहीत, बिलाचं विचारल्यावर "बघतो" म्हणालेत.

भाजीचं अजून जमत नाही. शेवग्याच्या पाल्याची मूगडाळ घालून केली ती खाल्ली, लाल माठ नुसता परतून केला तो बाजूला सारला. गाजराची कोशिंबीर दातांमुळे नको म्हणतात. घेवडेवाल्या दादांनी सांगितलेली आमटी सगळ्यात जास्त चालली, दोनदा मागून घेतली.

एक राहिलं. आमच्याकडं घरचा बेदाणा असतो. अण्णा म्हणतात, बियांचा अर्क नाही तर नाही, मी रोज मूठभर बेदाणे खातो, त्यातही तेच असणार. पिवळा चांगला की काळा?


मिरजेचा_मेडिकलवाला

गाजर किसून तेलावर परता, मऊ होतं आणि तेलासोबतच बीटा कॅरोटिन अंगाला लागतं. भाजीतून आलेल्या बीटा कॅरोटिनला अण्णांनी भ्यायचं कारण नाही. लाल माठात दाण्याचं कूट घाला, तासगावात दाण्याच्या कुटाला कोण नाही म्हणतं?

बेदाण्याचं असं, पिवळ्याला गंधकाची धुरी दिलेली असते, त्यानं तो काळा पडत नाही आणि सालीतली द्रव्यं उलट जास्त टिकतात. पण कुणाला दमा असेल तर गंधकाचा बेदाणा त्रास देतो, त्यांनी काळा खावा. धुरीचा पिवळा कोमट पाण्यात दोनदा धुऊन घ्यावा. आता माझा प्रश्न. शंभर ग्रॅम बेदाण्यात साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते. अण्णांची साखर तपासलीय का? तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी?


द्राक्षबाग_सून

आत्ताच रिपोर्ट काढून बघितला. एचबीए१सी ६.१ आहे. डॉक्टर "सीमेवर आहे" म्हणाले होते.


मिरजेचा_मेडिकलवाला

मग मूठ नको. दहा-बारा दाणे, तेही जेवणासोबत, मधल्या वेळी नुसते नाहीत. मधल्या वेळी पेरू द्या, दात दुखत असतील तर पातळ काप करून, बिया काढून. आणि दिरांकडचे पैसे आले की इथं लिहा, पलूसच्या दादांनाही कळू दे.